हलगी कुणी वाजवली?

(नव्या भागाचा हा मजकूर, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कऱ्हाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत ऐकणाऱ्यांना, विट्याच्या कॉलेजातून घरी निघालेल्यांना, आणि रात्री उसाला पाणी पाजताना एका कानात इअरफोन, दुसरा कान मोटारीकडं ठेवून बसलेल्यांना, सगळ्यांना रामराम.

महिन्याचा शेवटचा भाग म्हणजे नवी गाणी, हे आपलं ठरलेलं. कोण नवीन आलंय, कुणाचं सिंगल आलं, कुणाचा अल्बम आला, ते मी सांगतो आणि तुम्ही कमेंटमध्ये मला शिव्या घालता, की आमच्या दोस्ताचं गाणं राहिलंच. या वेळी गाणी सांगणारच आहे, पण जरा वेगळ्या तऱ्हेनं. प्रत्येक गाण्याखाली कुणाकुणाची नावं लिहिलीत ते बघत बघत जाऊ. आणि मग माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगायला मला फार उशीर झालाय.

आधी गाणी.

पहिलं नाव सगळ्यांना माहिती आहे. संजू राठोड. जळगाव जिल्ह्यातला पोरगा. २०२४ साली त्याचं 'गुलाबी साडी' आलं आणि लग्नाच्या वरातीपासून परदेशातल्या रीलपर्यंत सगळीकडं वाजलं. मागं कुठला सिनेमा नाही, हिरो नाही. आता हे गाणं उघडा आणि नावं बघा. गायकासोबत संगीतासाठी जी-स्पार्क हे नाव दिसतं. ठेका कुणी बांधला ते ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं, 'तांबडी चामडी'. हेही २०२४ चं. क्रेटेक्स म्हणजे कृणाल घोरपडे, आणि श्रेयस सागवेकर. मराठी शब्द, हाउस म्युझिकचा ठेका, आणि काढलं कुणी, तर नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं. गाण्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी आहेत. एकानं ट्रॅक बनवला, एकानं आवाज दिला, दोघंही वर. आपल्याकडं ट्रॅक बनवणारा कायम मागच्या खोलीत राहिलाय, म्हणून हे मला भारी वाटतं.

तिसरं, हिपहॉप. मुंबईचा 'स्वदेसी' हा ग्रुप. २०२० साली त्यांचा 'चेतावणी' नावाचा अल्बम आला. त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात प्रकाश भोईर गातात. ते आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे आदिवासी गायक आहेत. गाण्याच्या नावासोबतच त्यांचं नाव येतं. 'लोकसंगीत : पारंपरिक' असं लिहून पोरं मोकळी झाली नाहीत. एका माणसानं गायलं, त्या माणसाला नाव आहे, ते लिहिलं. एवढंच केलंय, पण ते करायचं असतं हेच कितीतरी जणांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

चौथं गाणं नवं नाही, पण आपल्या मिरजेचं आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ. मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पुढं मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना वारले, आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांना आणून दफन केलं. उरुसात दरवर्षी तिथं रात्रभर गाणं होतं, तुमच्यापैकी कुणीतरी गेलं असेल. खाँसाहेबांच्या रेकॉर्ड आज यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळतात. किती मिनिटांच्या? तीन, साडेतीन. जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. जो माणूस मैफलीत एकच राग तासभर गायचा, त्यानं तो तीन मिनिटांत बसवला. आणि आपण म्हणतो, आजकालची पोरं तीन मिनिटांचीच गाणी करतात! सिंगल काय आज निघालं व्हय लगा?

या तबकड्यांवरून एक गंमत आठवली. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं रेकॉर्ड झालं. गाणं संपल्यावर त्या जोरात, इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. का? तेव्हा आपल्याकडं तबकड्या छापायचा कारखाना नव्हता. रेकॉर्डिंग जर्मनीत, हॅनोव्हरला जायचं. तिथल्या कामगाराला काय कळणार कोण गातंय? त्यानं ऐकून लेबल बरोबर लावावं म्हणून गाणारीच शेवटी नाव सांगायची, असं सांगतात. आज आपण ज्याला मेटाडेटा म्हणतो ना, फॉर्ममध्ये भरतो तो, तो त्या बाईंनी गळ्यातून भरला.

आणि ही पद्धत त्यांनी काही शोधून काढलेली नाही. तुकोबांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतंच ना? शाहीर, लावणीकार शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव घ्या. जन्माचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. घर, जात सगळं मागं टाकून तमाशात गेले आणि ढिगानं लावण्या लिहिल्या. त्यांच्याही लावण्यांत त्यांची नाममुद्रा येते. कागद हरवला, छापणारा विसरला, गाणारा बदलला, तरी नाव गाण्यातच शिवलेलं. ते १९४५ साली गेले, हलाखीतच गेले. आपल्या कायद्यात लिहिणाऱ्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे त्यांचा २००५ च्या शेवटी संपला. आज त्यांची लावणी कुणीही गाऊ शकतो, पैसे द्यावे लागत नाहीत. पण नाव? ते द्यायला काय पैसे पडतात?

आणि ज्यांनी नाव शिवलंच नाही त्यांचं काय? जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांचं? तिथं आई येते, भाऊ येतो, विठ्ठल येतो, पण म्हणणारीचं नाव येत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी महाराष्ट्रभर गावोगाव हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि कुठली ओवी कुठल्या गावात कुठल्या बाईनं म्हटली, ते लिहून ठेवलं. आज 'पारी'च्या वेबसाइटवर ओवीसोबत त्या बाईचं नाव आणि गाव वाचायला मिळतं. मला तर ही महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी क्रेडिट लिस्ट वाटते.

बरं. आता माझी गोष्ट.

२०२२ च्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी एक गाणं केलं. शब्द माझे, मिक्सिंग पण मीच. एक गाणारा, एक चाल लावणारा, एक व्हिडिओवाला. मी सातारकडचा, बाकीचे तिघं तासगाव-विटा पट्ट्यातले. स्टुडिओ म्हणजे एका मित्राच्या चुलत्याची रिकामी खोली, भिंतीला गाद्या टेकवलेल्या. गाणं झालं, पण ठेका मेल्यासारखा वाटत होता. लॅपटॉपमधली सॅम्पलची हलगी किती लावली तरी प्लास्टिक वाजतंय असंच वाटायचं. तेव्हा मित्र म्हणाला, आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानात वाजवतात ते मामा आहेत, त्यांना आणतो.

मामा आले. सोबत घुमकं वाजवणारा एक माणूस. अंगणात रद्दी पेटवून हलगी शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली, परत शेकली. खोलीत आवाज मावेना, म्हणून त्यांना बाहेर पडवीत उभं केलं आणि माइक दारात धरला. मी मेट्रोनोम ऐकायला हेडफोन दिला. त्यांनी दोन मिनिटांत काढून ठेवला. म्हणाले, "ह्ये टिकटिक तुमच्यासाठी हाय. मला नगं." तीन टेकमध्ये काम संपलं. दीड हजार रुपये दिले, चहा दिला, मोटारसायकलवरून सोडून आलो.

गाणं आलं. फार मोठं काही झालं नाही, पण आपल्या भागात चाललं. आणि रीलवर जे चाललं ते कुठलं, तर मधले अठरा सेकंद. तिथं माझे शब्द नाहीत. गाणाऱ्याचा आवाज नाही. नुसती हलगी आणि घुमकं. बैलगाडा शर्यती, गणपतीची मिरवणूक, तालमीतली पोरं, सगळ्यांनी तेवढाच तुकडा उचलला.

काही महिन्यांनी इन्स्टावर एक मेसेज आला. बारावीतला मुलगा. "दादा, यात हलगी आमच्या आजोबांनी वाजवली आहे. त्यांचं नाव कुठं दिसत नाही."

मी क्रेडिट्स उघडले. गायक, गीत, संगीत, मिक्सिंग, दिग्दर्शन. पाच ओळी, त्यात माझं नाव दोनदा. हलगी ही ओळच नव्हती. मग मी फोनमध्ये त्यांचा नंबर शोधला. तो 'हलगी मामा' म्हणून सेव्ह होता. मंडळी, मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. विसरलो असतो तर वेगळं. मी कधी विचारलंच नव्हतं. गिटार वाजवणाऱ्या मित्राचं नाव, त्याचं स्पेलिंग, त्याचा इन्स्टा आयडी, सगळं मी चौकशी करून लिहितो. हलगीवाला मात्र हलगीवाला. आपल्या गावांत ही वाद्यं कुणाच्या खांद्यावर दिली गेली आणि वाजवणाऱ्याला कुठं उभं केलं गेलं, हे तुम्हाला माहिती आहे, मलाही माहिती आहे. तरीही मी त्यांना पडवीत उभं केलं. कारण साउंडचं होतं, खरंच साउंडचं होतं. पण नाव न विचारण्याला कसलं कारण होतं?

त्या पोराला मी काय उत्तर दिलं? "पुढच्या गाण्यात नक्की टाकू." आणि आठ महिने गप्प बसलो.

यात मला वाटेगावची आठवण येते. अण्णा भाऊ साठे तिथले, आपल्याच वाळवा तालुक्यातले. १९२० चा जन्म. अमर शेख आणि गव्हाणकरांसोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची गाणी गिरण्यांपासून मैदानांपर्यंत पोचली, 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि १९६९ साली मुंबईत ते गेले ते गरिबीत. गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था आपल्या देशात त्याच वर्षी सुरू झाली. गाणं लाखोंच्या तोंडात आणि माणूस एका खोलीत, हा आपल्या मातीतला जुना हिशोब आहे. तो बदलायला पाहिजे असं मी स्टेजवर बोललोय. आणि माझ्या स्वतःच्या फॉर्ममध्ये एक ओळ कमी होती.

शेवटी मी गेलो. त्या पोराला आधी फोन करून माफी मागितली, मग घरी गेलो. मामा गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं, फॉर्म काय, नाव कुठं येतं, पैसे कसे येतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "नाव इचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

मग मी आधार कार्डावरून त्यांचं नाव टाइप करून घेतलं. ते उठले, आत गेले, परत आले आणि म्हणाले, "घुमक्यावर व्हता त्येचं पण लिव्ह. त्यो गेला औंदा."

घुमकं. माफी मागायला आलेल्या माणसाला, मला, अजूनही त्या दुसऱ्या माणसाची आठवण नव्हती. मामांना होती. ते म्हणाले, घुमकं नसलं तर हलगी एकटी बडबडती.

दोन्ही नावं लिहिली. मग पैसे. तोवर त्या गाण्याचे आमच्या खात्यात एकूण चार हजार दोनशे रुपये आले होते. आम्ही चौघं आणि ते दोघं, सहा वाटे केले, प्रत्येकी सातशे. घुमकेवाल्या काकांचे त्यांच्या घरी नेऊन दिले. मामा नोटा मोजून हसले. म्हणाले, "बारक्या, एवढ्यासाठी एवढ्या लांबनं आलास?" मला हसू आलं नाही.

मी या भागात त्यांचं नाव सांगत नाही, गाण्याचंही नाही. त्यांच्या नातवाशी बोलून ठरवलं. तो म्हणाला, अशा गोष्टीत नाव आलं की माणूस बिचारा वाटतो, आणि आजोबा बिचारे नाहीत. बरोबर आहे त्याचं. नाव आता गाण्याखाली आहे, कामाच्या शेजारी. तिथंच राहू दे.

आता जे गाणी करतात त्यांच्यासाठी कामाचं. लिहून घ्या.

एक. एका गाण्यात एकच वस्तू नसते. शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. 'जय जय महाराष्ट्र माझा' घ्या, २०२३ साली ते राज्यगीत झालं. आपण म्हणतो शाहीर साबळ्यांचं गाणं. ते आपल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे, आपल्याला अभिमान आहेच. पण शब्द राजा बढे यांचे आणि चाल श्रीनिवास खळे यांची. तिघं मिळून ते गाणं. तुमच्या गाण्यातही कोण काय आहे ते रेकॉर्डिंगच्या दिवशीच ठरवा, गाणं चालल्यावर नाही. कुणाचे किती टक्के ते व्हॉट्सॲपवर तरी लिहा. तोंडी दोस्ती हिट गाण्याला पुरत नाही.

दोन. वाजवणाऱ्यालाही हक्क आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात कलाकाराला, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही, आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावलं जाण्याचा हक्क मिळाला. मी मामांवर उपकार केले नाहीत. जे त्यांचं होतं ते उशिरा दिलं.

तीन. कुणी कंपनी आली, दहा-वीस हजार देते म्हणाली, तर सही करण्याआधी कागद वाचा. हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या देशांसाठी, हे कागदात लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरतो. म्हणून हुशार कंपनी 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' असं लिहिते. ती ओळ शोधा. आणि शब्द-चाल करणाऱ्यांनो, रॉयल्टीतला तुमचा समान वाटा कायद्यानं तुम्हाला सहीनंही सोडून देता येत नाही. आयपीआरएसचं सभासदत्व घ्या.

चार. डिस्ट्रिब्युटरकडं गाणं चढवताना त्याला आयएसआरसी मिळतो, बारा अक्षर-अंकांचा. ती त्या रेकॉर्डिंगची आधार कार्डासारखी ओळख. तो जपून ठेवा. पुढं डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच वापरला तर आधीचे प्ले सहसा जोडलेले राहतात. नाव चुकलं, राहिलं, तर दुरुस्ती करता येते. सपोर्टला ईमेल करा, दोन आठवडे चिवटपणे मागं लागा.

पाच. पैशाचं स्वप्न बेतानं बघा. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याचे बारा महिन्यांत हजार प्ले झाले नाहीत तर त्याचा पैसाच मोजला जात नाही. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या पोरांचं पहिलं गाणं फुकटच वाजणार. पैसा थोडा असतो तेव्हा नाव हीच कमाई असते. ती तरी सगळ्यांना मिळू दे.

आणि जे फक्त ऐकतात, त्यांच्यासाठी एकच काम. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यापासून झालेल्या वाद्याला सरकारनं गावाचं नाव लावलं, छान झालं. आता वाद्याच्या मागं बसलेल्या माणसाचं नाव वाचायचं काम आपलं. आज घरी जाताना आवडीचं एक गाणं लावा, तीन टिंबांवर दाबा, क्रेडिट्स उघडा आणि सगळी नावं मोठ्यानं वाचा. एखाद्या वाद्यासमोर नाव नसेल तर त्या कलाकाराला मेसेज करा. भांडू नका, नुसतं विचारा : हलगी कुणी वाजवली?

मला एका बारावीच्या पोरानं विचारलं होतं. तसं तुम्ही विचारा.

पुढच्या महिन्यात नेहमीसारखी यादी घेऊन येतो. तुमच्या गावातलं, तुमच्या दोस्ताचं नवं गाणं असेल तर पाठवा. पण सोबत सगळ्यांची नावं पाठवा, पूर्ण नावं. नाहीतर मीच फोन करून विचारणार.

चला, भेटू. काळजी घ्या.